हाडसांधीच्या नावाखाली

ज्यांच्या घरात कुणी हाडांसाठी भुकटी, काढा किंवा 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' असं छापलेली कॅप्सूल घेतंय, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. बाकीच्यांना कंटाळा आला तर मध्येच उठून जायला हरकत नाही. मी आता निवृत्त आहे, हजेरी घेत नाही.

उरणजवळच्या एका गावात आमचं घर आहे. जन्मभर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. माझे मिस्टर कंटेनर यार्डात सुपरवायझर होते, तेही आता घरी असतात. माझ्या आजाराचं नाव ऑस्टिओपोरोसिस. हाडं आतून विरळ आणि ठिसूळ होतात. यातली डॉक्टरी माहिती मी सांगणार नाही, ती ज्यांना येते त्यांनी लिहावी. माझ्यावर काय बेतलं तेवढंच मी लिहिते.

हाडांनी दगा दिला त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वय झालं की हाडं कुणाचीच नसतात. पण मला खरा दगा ज्यानं दिला तो माझ्या कडेवर वाढलेला माझा सख्खा भाऊ आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. राग जाण्याची वाट बघितली असती तर हे लिहूनच झालं नसतं.

मनगट

सुरुवात अगदी फालतू झाली. ओटीवरून उतरताना पाय सरकला, मी हात टेकला आणि मनगट मोडलं. माणूस एवढ्याशा पडण्यानं मोडत नाही, असं प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हाडांची घनता मोजायला सांगितली. त्यांचं हॉस्पिटल पनवेलला. तिथेच ते मशीन होतं. त्यात नुसतं झोपून राहायचं असतं. दुखत नाही, खुपत नाही. बाहेर येऊन मी मिस्टरांना म्हटलंसुद्धा, "यापेक्षा आपल्या गावची एसटी जास्त त्रास देते."

मग डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं की पाठीचे मणके आणि खुब्याची हाडं वयाच्या मानानं फारच विरळ झालीत. मला पहिल्यांदा आला तो राग. मी सुकट, जवळा आणि नाचणीची भाकरी खाऊन वाढलेली बाई. उभी हयात फळ्याजवळ उभी राहिले, खुर्चीत बसून शिकवलं नाही. आणि ही कालची पोरगी मला सांगते की तुमची हाडं पोकळ आहेत.

राग उतरल्यावर भीती आली, आणि ती आईची होती. माझी आई म्हातारपणी इतकी वाकली की समोरच्याचं तोंड बघायचं तर तिला मान तिरकी करावी लागायची. शेवटी शेवटी तिनं तेही सोडलं. ती माणसं पायांवरून ओळखायची. "आली का गं सुमन?" असं ती माझ्या चपलेकडे बघून विचारायची. त्या काळी कुणी मशीनमध्ये घातलं नाही, आजाराला नाव दिलं नाही. बाई वाकली, एवढंच म्हणायचे. घरी येताना मी रिक्षात एकच गोष्ट घोकत होते, मला वाकायचं नाही.

 माझ्या मिस्टरांना बोलणं जमत नाही. घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा हंडा आणि पाटा माझ्या हाताच्या टप्प्यातून उचलून लांब ठेवले आणि त्या दिवसापासून पाणी तेच भरतात.

डॉक्टरबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. ती उपाशीपोटी घ्यायची, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मला तिनं छातीत जळजळायचं. आणि मुख्य म्हणजे घेऊन काही जाणवायचं नाही. पाठ दुखायची ती दुखायचीच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ही गोळी दुखणं थांबवायला नाही, हाड टिकवायला आहे. पण दुखणाऱ्या माणसाला हा फरक पटायला वेळ लागतो.

सुधाकरचं व्याख्यान

सुधाकर माझ्याहून बराच धाकटा. आई शेतावर जायची तेव्हा तो माझ्याकडे असायचा. त्याला मुळाक्षरं मी शिकवली, पाढे मी शिकवले, आणि कॉलेजात पाठवायचा हट्टही माझाच. तो केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला तेव्हा आमच्या वस्तीतला पहिला विज्ञानाचा पदवीधर होता. एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागला. कारखाना बंद पडला, मग इकडेतिकडे करत तो वनस्पतींची औषधं विकणाऱ्या काही मंडळींकडे लागला. तिथे काय चालतं हे आम्ही विचारलं नाही. तो पांढरा कोट घालतो, याचंच आम्हाला कौतुक.

माझं मनगट मोडल्याचं कळल्यावर तो आला आणि माझा प्लास्टरचा हात हातात घेऊन म्हणाला, "ताई, आईचं झालं तसं तुझं होऊ देणार नाही." मला रडू आलं. खरं सांगायचं तर मशीनमधून आल्यापासून मी रडले नव्हते, ते तेव्हा रडले.

त्यानं हाडसांधीची भुकटी आणली होती. हाडसांधीची वेल आमच्याकडे कुंपणावर असते, चौकोनी कांड्यांची, सांधे जोडत गेल्यासारखी. कोंबडीचा, शेळीचा पाय मोडला की आई ती ठेचून बांधायची. सुधाकरनं मला समजावलं की यातलीच द्रव्यं वेगळी काढून त्यांवर संशोधन चाललंय. सोयाबीनमध्ये बायकांच्या शरीरातल्या संप्रेरकासारखं काहीतरी असतं, हळदीत अजून काही, आणि या सगळ्यांतून उद्या हाडांची औषधं निघणार आहेत. त्याच्याकडे चित्रं होती, आलेख होते.

पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात दर रविवारी वाचन असतं. सगळी वस्ती जमते. एका रविवारी वाचनानंतर मीच त्याला बोलायला उभं केलं. भिंतीवर पडदा लावून त्यानं चित्रं दाखवली. इथे आमच्या लोकांचं एक सांगायला हवं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या आजोबांनी घरातले देव खाडीत सोडले आणि भगताचा उंबरा कायमचा बंद केला. अंगारा, गंडा, उतारा यातलं काहीही आमच्या दारात आलं तर आम्ही बाहेरूनच परत पाठवतो. आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि असायला हवा. पण त्यामुळे आमची एक सवय झाली. नवीन काही आलं की आम्ही विचारतो, यात मंत्र आहे का? नवस आहे का? बुवा आहे का? नाही म्हटलं की आमची तपासणी संपते. सुधाकरच्या भुकटीत यातलं काहीच नव्हतं. उलट आलेख होते आणि आपलाच मुलगा होता. चोरानं साधूचा वेष घेतला तर आम्ही त्याला हाकलला असता. तो शास्त्रज्ञाचा वेष घालून आला, म्हणून आम्ही त्याला सतरंजी घातली.

गंगूआत्या आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर. तिनं मला विचारलं, "सुमन, चांगली हाय ना गं ही?" मी म्हटलं, "आत्या, मी स्वतः घेतेय." त्या दिवशी बऱ्याच बायकांनी डबे घेतले.

आराम

आता लिहायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं. पाठीचं दुखणं आठवड्याच्या आत पळालं. भूक लागायला लागली. सकाळी उठून अंगण झाडावंसं वाटायचं. मी सुधाकरला फोन करून म्हटलं, "सुध्या, मला आता परत नोकरीवर घेतील." जळजळ करणारी गोळी मी बंद केली आणि डॉक्टरबाईंकडे जाणंही बंद केलं. त्या ओरडतील म्हणून नाही, आता त्यांचं काय काम, म्हणून.

माझा चेहरा गोल झाला. बायका म्हणायच्या, "बाई, तब्येत सुधारली तुमची." मलाही तसंच वाटायचं. हातावर जरा कुठे आपटलं की काळेनिळे डाग पडायचे, ते वयामुळे असतील असं मी समजले. एकदा मात्र मी सुधाकरला विचारलं होतं. खरी हाडसांधी घशाला खाजते. आई तिची चटणी करायची तर चिंच घालूनच, नाहीतर जीभ चुरचुरायची. ही भुकटी खाजत कशी नाही? तो म्हणाला, "प्रक्रिया केलेली आहे, ताई." मी बी.एस्सी. नाही. मी मान डोलावली.

खड्डा

पुढच्या पावसाळ्यात मी रिक्षानं बाजाराला निघाले होते. आमच्या रस्त्यावर ट्रेलर एवढे चालतात की खड्डे बुजवले तरी पुन्हा उघडतात. रिक्षा एका खड्ड्यात आदळली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईला काही झालं नाही, तिच्या मांडीवरच्या पिशवीतली अंडीसुद्धा फुटली नाहीत. माझा मणका दबला. पाठीत आत काहीतरी खचल्यासारखं झालं आणि मला श्वास घेता येईना.

पनवेलच्या त्याच हॉस्पिटलात नेलं. हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग संपतच नाही. पहाटे तापमान, मग अंग पुसणं, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग नुसतं छत. मला कुशीवर वळायचं तर लाकडाचा ओंडका वळवावा तसं दोघांनी मिळून वळवायचं. जन्मभर पोरांना 'ताठ बसा' म्हणणारी मी, आणि मला बसायचीच परवानगी नव्हती. लघवीला भांडं मागायची इतकी लाज वाटायची की मी पाणी पिणं कमी केलं. तिथल्या मावशींच्या ते लक्षात आलं. त्या ग्लास घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्या. मला भांडं उचलायची लाज वाटत न्हाय, तुम्हाला मागायची कशाला?" त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची आता चुटपुट लागते.

डॉक्टरबाईंचा प्रश्न

डॉक्टरबाईंनी मला ओळखलं, पण माझ्या चेहऱ्याकडे त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. मानेमागे हात फिरवला.

"स्टेरॉईड कुठलं घेता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. फक्त वनस्पतीचं घेते. भाऊ देतो."

"तो डबा मला हवाय," त्या म्हणाल्या.

मिस्टरांनी डबा आणून दिला. माझं रक्त तपासलं, भुकटी बाहेर तपासायला पाठवली. उत्तर आलं तेव्हा डॉक्टरबाई खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या. भुकटीत स्टेरॉईड होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. दुखणं त्यानंच पळालं होतं, भूक त्यानंच लागली होती, चेहरा त्यानंच गोल झाला होता, हातावरचे डाग त्याचेच होते, आणि माझी आधीच विरळ असलेली हाडं त्यानंच आणखी पोखरली होती. जे मी हाड भरावं म्हणून घेत होते ते हाड खात होतं.

मी म्हटलं, "आजपासून बंद. गटारात टाकते."

"तेच करायचं नाही," त्या म्हणाल्या. "इतके दिवस बाहेरून मिळतंय म्हणून तुमच्या शरीरानं स्वतःचं तयार करणं सोडून दिलंय. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळेल, जीवावर बेतेल. मी तुम्हाला मोजून त्याच जातीची गोळी देणार आणि हळूहळू कमी करत नेणार. काही महिने लागतील."

ज्या गोष्टीनं माझा मणका मोडला, तीच मला रोज सकाळी घ्यायची होती. शत्रूला निदान घराबाहेर काढता येतं. हा माझ्या अंगात घर करून बसला होता आणि त्याला भाडेकरूसारखी मुदत द्यावी लागत होती. 

मी चिडून म्हटलं, "म्हणजे ही झाडपाल्याची थापच सगळी." त्यावर त्यांनी मला थांबवलं. "नाही. हाडसांधीवर खरंच अभ्यास चाललाय. प्राण्यांमध्ये काही चांगलं दिसलंय, माणसांत किती खरं ते ठरायचं आहे. उद्या त्यातून औषध निघालं तर मीच ते लिहून देईन. पण तुमच्या डब्यात हाडसांधी असेल तर चवीपुरती." मला ते पटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नाही. बिचारी वेल कुंपणावर होती, तिनं माझं काय केलं?

शेजारचा पलंग

सुधाकर भेटायला आला. दुपारची वेळ होती, मिस्टर जेवायला खाली गेले होते. मी त्याला सगळं सांगितलं.  "ताई, मलाही फसवलं त्यांनी," तो म्हणाला आणि माझे पाय धरले. मीच त्याची समजूत घातली. आडवी पडून, मोडक्या पाठीनं, मी त्याला म्हणाले, "तुझा काय दोष त्यात." जाताना दारातून परत आला आणि हळूच विचारलं, "अजून कुणाला सांगितलंस का?"

मला तेव्हाही काही खटकलं नाही. शेजारच्या पलंगावरच्या सायराभाभींना खटकलं. त्या दिघीच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, भाऊ तुमचा, मी बोलू नये. पण त्यानं पाठ कशी हाय ते विचारलं न्हाय."

 भिंतीकडे तोंड करून रडावंसं वाटलं, पण मला वळता येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "रडा तुम्ही. मी डोळे मिटते." आणि त्यांनी खरोखरच पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि मी हाक मारेपर्यंत काढला नाही.

वैशालीचे गुडघे

वैशाली म्हणजे सुधाकरची बायको. सरळ मनाची, कामाला वाघ, आणि माझ्यावर जीव लावणारी. ती पेज घेऊन आली आणि चमच्यानं भरवत बसली. भुकटीतल्या भेसळीचं तिला काहीच माहीत नव्हतं. सुधाकरनं तिला एवढंच सांगितलं होतं की ताई रिक्षात आपटली. मीही बोलले नाही, म्हटलं नवऱ्याकडून कळू दे.

बोलता बोलता ती गुडघे चोळायला लागली. मी सहज म्हटलं, "अगं, घरात एवढी भुकटी असून तुझे गुडघे दुखतात?"

"मला कुठे देतात ते," ती हसून म्हणाली. "सुरुवातीची देत होते, ती घशाला खाजायची ती. नंतर नवीन आली ना, सगळ्यांना गुण यायला लागला ती, तेव्हापासून म्हणतात, तू घ्यायची नाही. तुझ्या पोटाला सोसणार नाही. आपल्या घरात ती उघडायचीच नाही म्हणून बजावलंय. काळजी करतात हो फार."

ती पुढचा चमचा माझ्या तोंडाशी धरून थांबली होती. मी तोंड उघडलं आणि पेज गिळली. माझ्या आयुष्यात मी गिळलेलं सर्वांत कठीण अन्न ते. त्याला ठाऊक होतं. नवीन भुकटी आली त्या दिवसापासून ठाऊक होतं. बायकोला त्यानं जपलं आणि बहिणीला चमचा मोजून दिला.

त्याचं उत्तर

घरी आल्यावर मी त्याला बोलावलं. मला पट्टा बांधला होता, छातीपासून कमरेपर्यंत, आणि मी पलंगावर उशांना टेकून बसले होते. मिस्टर दाराशी उभे होते.

तो म्हणाला, "वैशालीला अॅसिडिटी आहे म्हणून नाही दिली."

मी म्हटलं, "सुध्या, गृहपाठ का नाही केला याची कारणं मी जन्मभर ऐकलीत. चांगलं कारण आण."

त्यानं कारण बदललं. मग म्हणाला, "नुसत्या वेलीनं कुणाला फरक पडत नव्हता, ताई. घ्यायचे आणि सोडून द्यायचे. नवीन माल आला तेव्हा लोक चालायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, थोडं मिसळलंय. थोडंसंच."

"काय मिसळलंय ते कळलं होतं तुला?"

"मी केमिस्ट्रीचा आहे, ताई." हे तो मान खाली घालून म्हणाला, पण म्हणाला.

"आणि मला दिलंस."

"तुला बरं वाटत होतं ना? तूच फोन करून सांगितलंस की परत नोकरीवर घेतील."

 मला बरं वाटत होतं हे खरंच होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, कापलेलं कळतसुद्धा नाही.

मग तो विनवण्या करायला लागला. विहारात सांगायचं असेल तर त्या मंडळींचं नाव सांग, माझं सांगू नकोस, वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आमच्या चुलत्यांनीही फोन करून घरातली गोष्ट घरात ठेवायला सांगितलं. मला दोन दिवस झोप आली नाही. मी गप्प बसले असते तर त्याचं नाव वाचलं असतं, पण वस्तीतल्या बायका ते डबे संपवत होत्या. आणि नुसतं 'घेऊ नका' एवढंच कानोकानी पसरलं असतं तर त्यांनी ते एकदम टाकलं असतं, आणि कुणीतरी घरात कोसळून गेली असती. कारण न सांगता त्यांना डॉक्टरकडे पाठवता येत नव्हतं, आणि सुधाकरला माहीत होतं का म्हणून कुणी विचारलं तर खोटं बोलणं मला जमलं नसतं.

माझे मिस्टर शेवटी बोलले. "तू सांग, नाहीतर मी सांगतो. पण मला नीट बोलता येत नाही. माझ्याकडून हात उचलला जाईल."

रविवार

वर्षावास चालू होता. वाचन संपल्यावर मी उठले. सगळे सतरंजीवर बसले होते, मला एकटीला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. पांढऱ्या साड्यांमध्ये वैशाली पुढे बसली होती. सुधाकर सगळ्यांत मागे, दाराजवळ. मी नाव घेते की नाही ते बघायला तो आला होता हे मला कळत होतं.

मी म्हटलं, "पहिली गोष्ट. सुधाकरची भुकटी आज कुणी आपल्या मनानं बंद करायची नाही."

गंगूआत्या म्हणाली, "बंद करायची न्हाय तर सांगतेस कशाला? खातोच हाय आम्ही." थोडं हसू झालं.

मग मी सगळं सांगितलं. भुकटीत काय सापडलं, माझा मणका कसा गेला, ती एकदम सोडली तर काय होतं, आणि डबा घेऊन डॉक्टरकडे जायचं ते का. मी वर्गात सांगायचे तसं दोनदा सांगितलं. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. 

गंगूआत्या आपल्या मनगटावरचा काळानिळा डाग चोळायला लागली. मग तिनं विचारलं, "सुधाकरला ह्ये ठाव हुतं का, सुमन?"

मी दाराकडे बघितलं नाही. "व्हय आत्या. ठाऊक होतं."

"कशावरनं म्हणतेस?"

"त्यानं वैशालीला ती घेऊ दिली नाही. घरात उघडू दिली नाही."

सगळ्या माना वैशालीकडे वळल्या. ती माझ्याकडे बघत होती. आपण पेज भरवताना काय बोलून गेलो ते तिला आत्ता कळत होतं, आणि मला वाटलं ती आता रडेल किंवा उठून जाईल. ती उठली, पण गेली नाही.

"ताई," ती म्हणाली, "मी घेते."

"काय घेतेस?"

"भुकटी. त्यांच्या नकळत. ते बाहेर गेले की पेटीतनं काढून घेते." तिचा आवाज खाली खाली जात होता. "तुम्ही सगळ्या चालायला लागलात. माझेच गुडघे तेवढे राहिले. मला वाटलं, सगळ्या जगाला देतात आणि मलाच का नाही? बायको म्हणून माझी किंमत नाही का? लवकर गुण यावा म्हणून मी दुप्पट घेते."

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुधाकर उठला होता आणि बसलेल्या बायकांमधून वाट काढत पुढे येत होता. कुणी सरकून जागा दिली नाही, कुणी अडवलंही नाही. तो वैशालीसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. डॉक्टरबाईंनी माझा बघितला होता तसा तो बघत होता. केमिस्ट्रीचाच होता तो, तिचे गोल झालेले गाल त्याला आता दिसले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं. "वैशाली, कधीपासून घेतेस?" 

 मग त्यानं माझ्याकडे बघितलं. या घडीला मला बरं वाटेल असं मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या कितीदा मनात आणलं होतं. मला बरं वाटलं नाही. मला वैशालीचे मणके दिसत होते.

"उद्या सकाळी तिला माझ्या डॉक्टरबाईंकडे ने," मी म्हटलं. "आणि तोवर बंद करायची नाही. आज संध्याकाळची मात्रा तिला द्यावी लागेल, सुधाकर. तुझ्या हातानं दे."